चाकाखालचं खापर

तुम्हाला ठाऊक होतं. भांडी भाजायचा आवा फुटला त्याला चौदा वर्षं झाली. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही माझ्या हातची भाकरी खाल्लीत, माझ्या शेजारी बसून मातीचे गोळे करून दिलेत, पावसापाण्याचं बोललात, माझ्या नातीला मांडीवर घेऊन झोपवलंत, आणि सगळं ठाऊक असून एक शब्द काढला नाहीत. हे काय वागणं झालं, मामंजी? माणूस रागावतं, शिव्या देतं, निदान जेवताना ताट सरकवतं. तुम्ही ताटसुद्धा सरकवलं नाहीत. सासऱ्याला मी कधी उलट बोलले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. बोलले, पुष्कळ बोलले, त्याचंच तर हे सगळं आहे. पण आजचा राग खरा आहे, तो आधी लिहून टाकला. आता बाकीचं. दुसरीपर्यंतची माझी शाळा, जोडाक्षराला अडते. नातीची जुनी वही घेतली आहे, पानांच्या मागच्या बाजू कोऱ्या आहेत.

तुमची पणती, माझी नात, आता पाबळला यंत्राचं काम शिकायला जाते. तुम्ही गेलात तेव्हा चार वर्षांची होती, आता ओढणी कमरेला बांधून पाना फिरवते. कुठल्याशा मोडक्या वॉशिंग मशीनची मोटर तिनं आणली आणि म्हणाली, "आजी, तुझं चाक आता विजेवर. काठी मारून मारून तुझा खांदा गेलाय." मी नको म्हणाले, पण माझं कोण ऐकतं? आज सकाळी ह्यांनी पहार घातली, तिनं दुसरीकडून धरलं आणि दोघांनी मिळून चाक उचलून पडवीच्या भिंतीला लावलं. चाक ज्या दगडावर फिरायचं तो दगडही उकरला. दगडाखाली गोणपाटाची एक पुरचुंडी निघाली. ह्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं सोनं पुरलं असावं. सोडून बघतात तर एक खापर. मातीच्या पेल्याचं बूड आणि त्याला चिकटलेली तीन बोटं उंचीची भिंत. "ह्ये का जपलं असंल आबांनी?" म्हणून ते हसले आणि उकिरड्यावर भिरकावायला निघाले. मी हातातून हिसकावून घेतलं.

मला ओळखायला बूड उलटं करून बघावं लागलं, तेवढंच. पेला झाला की चाक मंद होतं, तेव्हा बुडाशी दोरा लावून तो कापायचा. चाक फिरत असतं म्हणून दोरा बुडावर गोल रेघ ओढतो, शंखावर असते तशी. तुमच्या पेल्यांच्या बुडावर ती रेघ एका बाजूला वळायची. ह्यांची तशीच, ह्यांच्या चुलत्यांची तशीच. ह्या खापरावरची रेघ उलटी वळते. ह्या घरात चाक उलटं फिरवणारं माणूस एकच झालं, आणि ते आज ही वही घेऊन बसलं आहे.

कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर यायचीच म्हणतात. उकिरड्यावर मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच आले. चाकावर यायला मात्र आजी व्हावं लागलं. रांजणगावच्या अंगाला कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या. ह्यांना कारेगावला एका गेटवर वॉचमनची नोकरी लागली आणि हे खाकी कपडे घालून जीपमध्ये बसून गेले. मागं तुम्ही एकटे, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि मी माती तुडवणारी. एक दिवस तुम्ही म्हणालात, "बाई, बसतीस का?" मला वाटलं, चहा प्यायला बस म्हणताय. मी म्हणाले, "भांडी पडल्यात घासायची." तुम्ही म्हणालात, "भांडी घासायला न्हाई, भांडी करायला. चाकावर बस." शेजारची म्हातारी कट्ट्यावरून ओरडली, की बाईनं चाकाला हात लावला तर माती रुसते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "माती तुडवती ती बाईच की. तवा न्हाई रुसत?" म्हातारीनं तोंड फिरवलं. मला तेव्हा तुमचं कौतुक वाटलं होतं. सांगितलं नाही, आपल्यात तशी पद्धत नव्हती.

मी डावरी. भाकरी डाव्या हातानं थापते म्हणून माहेरी मार खाल्ला, सासरी टोमणे खाल्ले. चाकाच्या भोकात काठी घालून मी पहिल्यांदा फिरवलं ते डाव्या हातानं, आणि चाक उलटं फिरलं. तुम्ही ओल्या हातानं माझ्या मनगटावर फटका मारलात. "चाक सरळ फिरतं. घाण्याचा बैल उलटा गेलेला बघितलायस का कवा?"

"मी काय बैल हाय का?"

"बैल असतीस तर बरं झालं असतं. बैलाला एकदा सांगून भागतं."

मग उजव्या हातानं. उजव्या हातानं माझं काही धड होत नव्हतं. तुम्ही म्हणालात, पेल्यापासून शीक. मोठं मडकं वाकडं झालं तर थापीनं थापून सुधारता येतं, पेला चाकावरून उतरला तो तसाच राहतो, आणि त्याला माणसाचा ओठ लागतो. मी म्हणाले, बरं. रोज आठ-दहा पेले करायची. आणि रोज उन्हं उतरली की तुम्ही यायचात, एकेक पेला दोऱ्यानं उभा चिरायचात, पेरू चिरतात तसा, आणि दोन फोडी माझ्यापुढं धरायचात. "ह्ये बघ. बूड जड हाय. जड बुडात पाणी लपून ऱ्हातं. वरनं सुकल्यासारखं दिसतं, आन् आव्यात गेलं की फुटतं." मग फोडी मातीच्या हौदात. शिकणाऱ्या हाताचं पहिलं भांडं भाजायचं नाही, परत माती करायची, ही तुमच्या घराण्याची रीत. किती दिवस, असं विचारलं तर तुम्ही म्हणायचात, "तुझ्या हाताला कळंल तवर." चार महिने माझ्या हाताचं एक भांडं ह्या जगात राहिलं नाही. सकाळी केलेलं संध्याकाळी चिखल. तुम्ही दर वेळी कारण सांगत होतात, नीट सांगत होतात. मला ऐकू येत होतं ते एवढंच, की हा म्हातारा मला करू देत नाही.

त्यात माझा भाऊ. दौंडला स्टेशनाबाहेर त्याची चहाची गाडी. मी माहेरी गेले होते, तर भर गिऱ्हाइकांत म्हणाला, "ये कुंभारीण. उत्तरेकडली गाडी थांबली की लोकं कुल्हड मागत्यात. तुझ्या सासऱ्याला म्हणावं, दे की डझनभर करून." मी म्हणाले, "सासऱ्याला कशाला? मीच करते." भावजय किसणीवर आलं किसत होती, ती फिदीफिदी हसली. "वन्सं, तुमाला भाकरी गोल जमंना, पेला कसा जमायचा?" झालं. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे, ते डोक्याला न विचारता चालतं. "आखितीला घिऊन येते डझनभर. त्यातनंच चहा पिऊन जाईन," असं बोलून मी एसटीत बसले. न्हावऱ्यापर्यंत येईस्तोवर भीती वाटायला लागली, पण शब्द गेला होता.

आखिती जवळ आली तशी आपल्याकडं केळींची, पाण्याच्या लहान मडक्यांची, गडबड सुरू झाली. घरोघर पितरांच्या नावानं पाणी भरून ठेवायचं, त्याला नवी केळी लागते, आणि अर्धं तळेगाव तुमच्याकडूनच नेणार. तुम्ही एका डोळ्यानं आणि दहा बोटांनी चाळीस केळी केल्यात. पोटं अशी गोल, की हात फिरवला तर कुठं अडत नव्हता. तुम्ही दुपारी लिंबाखाली आडवे झालात की मी चाकावर बसायची. आणि डाव्या हातानं काठी मारायची. मामंजी, त्या दुपारी काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. चाक उलटं फिरलं आणि माती माझ्या हातात आपोआप वर आली. चार महिने जी भिंत थरथरायची ती सरळ उभी राहिली. मी एकटीच हसले. बारा पेले झाले, बाराही एका मापाचे. चिरून बघायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी चिरले नसते. पाचटाच्या ढिगामागं लपवून सुकत ठेवले. चार दिवस. वरून पांढरे पडले, मला वाटलं सुकले.

आवा रचायचा त्या दिवशी तुम्ही प्रत्येक भांडं हातात घेऊन, बोटानं ठोकून आवाज ऐकत होतात आणि मला रचायला देत होतात. माझे पेले उघड्यावर लावले असते तर तुम्हाला कळलं असतं. म्हणून तुमची पाठ वळली की एकेका केळीच्या तोंडातून मी एकेक पेला आत सारला. बारा केळींच्या पोटात बारा पेले. केळी आडव्या रचल्या, वर शेणी, पाचट, वर राख. उन्हं कलली तसा तुम्ही आव्याला हात जोडलेत आणि पेटवलात. तासाभरात पहिला आवाज झाला. फट्. मग दुसरा. मग धडाधड. आत एक भांडं फुटलं की वरचं खाली बसतं आणि खालच्यांना घेऊन जातं. तुम्ही उठून उभे राहिलात. "कोण ओलं व्हतं गं? मी तर समदी ठोकून बघितली. कोण ओलं व्हतं?"

तेव्हा बोलायचं होतं. तेवढं एक वाक्य. मी काय बोलले ते तुमच्या लक्षात असणार, पण लिहिते, माझ्या हातानं लिहिलं जाऊ दे. मी म्हणाले, "तुमचीच केळी ओली असतील. डोळ्यानं दिसतंय का तुमास्नी आता?"

तुम्ही खाली बसलात. हात डोळ्यांपुढं धरलात, पालथा केलात, उलथा केलात, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आवा उकलला. चाळीसातल्या सात केळी धड निघाल्या. तुम्ही एका बाजूनं उकलत होतात, मी दुसऱ्या बाजूनं, आणि माझ्या पेल्यांची खापरं दिसतील तशी पदरात घेऊन मागं उकिरड्यावर टाकत होते. मला वाटलं, सगळी टाकली. लोक केळी न्यायला आले. एकजण म्हणाला, "आबा, आमच्या पितरांनी वंजळीनं प्यायचं का आता?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. म्हणालात, "डोळं गेलं रं माझं. ओलं-सुकं कळंना. शिरूरवरनं आणा औंदा, आन् पुढंबी तिकडनंच आणा." मी दारात सूप हातात घेऊन उभी होते. गप्प राहिले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी म्हणाले, "मी तर कवाची सांगत हुते, बसू नका आता चाकावर." लोकांनी माना हलवल्या. सून शहाणी आहे म्हणाले. त्या आखितीला मी दौंडला गेले नाही. भावाला निरोप धाडला, आमच्या म्हाताऱ्याचा आवा फुटला म्हणून.

तुम्ही त्यानंतर चाकावर बसला नाहीत. चार दिवसांनी काठी आणून माझ्या हातात दिलीत, आणि म्हणालात, "डाव्या हातानं फिरव." मी म्हणाले, "आन् घाण्याचा बैल?" "बैल म्हातारा झाला," तुम्ही म्हणालात. मग जवळ बसून, माझ्या हाताकडं न बघता सांगितलंत, "भिंत तुझी चांगली उठती. बुडाला आंगठा आजून एक पेर खाली घाल." मी तसं केलं. पंधरा दिवसांत पेला जमला. तुम्ही तो चिरला नाहीत. भाजून आला तेव्हा त्यात पाणी घेतलंत, प्यालात, पेला उपडा करून बुडावर आंगठा फिरवलात आणि म्हणालात, "आता जा दौंडला." मी डझनभर पेले घेऊन गेले. भावानं त्यातून चहा दिला. भावजयीनं चव घेतली आणि पेला पुन्हा भरून घेतला, माझ्यासाठी तेवढं पुरे होतं. येताना एसटीत मी मनात म्हणत होते, बघा, म्हातारा बाजूला झाला तेव्हा जमलं.

आज खापर हातात धरून मी पडवीत बसले आणि मला एकेक उलगडत गेलं. डाव्या हातानं माझी भिंत चांगली उठते हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? तुमच्यासमोर मी चार महिन्यांत एकदाही डाव्या हातानं पेला केला नव्हता. बूड एक पेर जड होतं हे तुम्ही मोजलंत कशावर? दौंडचं तर मी घरात बोललेच नव्हते. बारा पेले उगाच कुणी लपवून भाजत नाही, हे तुम्ही ताडलंत, आणि माहेरच्या वाटेनं मला कोण टोचून बोलतं हे घरातल्या माणसाला ठाऊक असतंच. तुमच्या बाजूच्या ढिगात हे एक खापर सापडलं. ते तुम्ही लोकांपुढं धरलं नाहीत, माझ्यापुढं धरलं नाहीत. त्यावरून बोट फिरवून माझ्या हातात काय आहे आणि काय नाही ते वाचलंत, आणि मला शिकवलंत. आणि मग ज्या चाकावर मी बसणार, त्याच्याच दगडाखाली पुरून ठेवलंत. पुरलंत कधी, एकट्यानं तो दगड हलवलात कसा, तेही मला कळलं नाही. मी घरात नव्हते का? बहुतेक दौंडला चहा पीत होते.

तुमचा डोळा तेवढा गेला नव्हता. हात तर मुळीच गेले नव्हते. ते दोन वर्षं मी बघत होते. तुम्ही भिंतीला टेकून बसायचात, मी चाक फिरवायची, आणि तुमचा उजवा हात मांडीवर गोल गोल फिरत असायचा. शेवटी शेवटी झोपेतही फिरायचा. मी ह्यांना म्हणायची, "वायू झालाय, तेल चोळा." तेल चोळायला लावलं मी, मामंजी. काठी पुढं करून "बसा थोडं" एवढं म्हणाले असते तर तेलाचा खर्च वाचला असता. आणि जायच्या दिवशी तुम्ही पाणी मागितलंत. घरात माझ्या हातचे वीसेक पेले उपडे होते. मी हाताला लागलं म्हणून स्टीलचं फुलपात्र तोंडाला लावलं. थंड लागलं असेल ओठाला. त्याचंही तुम्ही काही बोलला नाहीत, पण तेव्हा तुम्हाला बोलता येत नव्हतं, ते सोडून देते.

आता ह्यांचं सांगते. दर आखितीला तुमच्या नावानं केळी भरली की हे पाहुण्यांना ती गोष्ट सांगतात. वाईट मनानं नाही, रंगवून सांगतात. "आमच्या आबांनी शेवटी ओल्या केळी लावल्या आव्याला. फटाफट फटाफट! दिवाळीच झाली. हात जोडून उभं ऱ्हायलं, म्हणं कोण ओलं व्हतं?" तुमचा आवाजही काढतात. पाहुणे हसतात. मी रस वाढत असते. गेल्या वर्षी मी ठरवलं होतं, आज बोलायचं. ह्यांनी 'फटाफट' म्हटलं, मी वाटी खाली ठेवली, तोंड उघडलं, आणि म्हणाले, "कुरडया आणते तळून." आत गेले. कुरडया तळलेल्याच होत्या.

उद्या आखिती आहे. केळी माझ्याच हातची, भरून ठेवायची ती तुमच्याच नावानं. मोटर बसली. पोरीनं विचारलं, "आजी, कुठल्या बाजूनं फिरवू? एक बाजू सांग." मी म्हणाले, "दोन्ही बाजूंनी फिरंल असं कर." ती म्हणाली, त्याला वेगळं बटण लागतं. "मग लाव की, शिकतीस काय तिकडं?" तिनं लावलं. पण त्याआधी तिनं हे खापर हातात घेऊन, उलटं करून बघितलं होतं. नजर तुमच्यावर गेली आहे. म्हणाली, "आजी, ही रेघ तुझ्या पेल्यांसारखी वळती. कुणाचंय हे?" आणि मी म्हणाले, "असंल कुणाचं तरी." चौदा वर्षांनी, सगळं हातात धरून बसलेली असताना, आज सकाळी पुन्हा खोटं बोलले. हे तेवढं तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून वही घेतली. पान फाडून कुठं धाडायचं नाही, पाठीमागं तिची गणितं आहेत.

उद्या हे खापर तुमच्या केळीशेजारी ठेवणार आहे. ह्यांनी गोष्ट काढली की कोण ओलं होतं ते मी सांगेन. इतकी वर्षं गप का बसलीस असं विचारतील, तर त्याचं उत्तरही मीच देईन: भ्याले, आणि नंतर सोयीचं वाटलं. पण ती पोरगी तेवढ्यावर थांबायची नाही. ती विचारणार, मग पणजोबा का गप बसले? ते मला माहीत नाही, आणि तुमच्या वतीनं गोड काहीतरी जुळवून सांगणाऱ्यातली मी नव्हे. ते उत्तर तुम्हीच द्यायचं.